घरी जाऊन पी

घरातून निघताना इतरांच्या आया "नीट जा", "पोचल्यावर फोन कर" असं सांगतात. माझी अम्मी सांगायची, "आता पाणी नको पिऊ." मी पहिलीत असताना हेच, आणि शिक्षण संपवून गिंडीच्या ऑफिसात जायला लागले तेव्हाही हेच. परतीच्या वाटेवर तहान लागली म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "आलंच की घर. घरी जाऊन पी." घर कितीही लांब असलं तरी ते आलेलंच असायचं. अब्बांची बदली झाली तेव्हा मिरजेहून मद्रासला यायला एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस लागला. त्या गाडीतसुद्धा घर आलंच होतं.

यामागचं कारण तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. बाहेर प्यायलं की बाहेर जावं लागतं. बाहेर जिथे जावं लागतं तिथे पाणी नसतं, कडी नसते, आणि दाराशी पुरुष विडी ओढत उभे असतात. पाण्यावाचून उरकणं आमच्याकडे उरकण्यात जमा नाही. कपडा नापाक, अंग नापाक, पुढची नमाज गेली. त्यापेक्षा पाणीच बंद केलेलं बरं. कॉलेजात चार पुस्तकं वाचून मी नमाज सोडली. तहान मारायची सवय मात्र सुटली नाही. माझ्या पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली कायम असायची. ती प्यायची नव्हती, वेळ आलीच तर धुवायची होती. पुस्तकं वाचलेल्या बाईच्या पिशवीत एवढा धर्म चालायला हरकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आम्ही अंबत्तूरच्या पुढे, कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. अब्बा संरक्षण खात्याच्या कारखान्यात फोरमन होते. मद्रासचं चेन्नई होऊन काही वर्षं झाली होती, पण आमचं तिथे नक्की काय झालं होतं ते सांगणं कठीण. उर्दू बोलणाऱ्या मुसलमान बायकांना आमचं उर्दू ऐकून हसू यायचं. तमिळ मुसलमान बायकांना आम्ही उत्तरेकडचे वाटायचो. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला एक बाई अम्मीला कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" अम्मी म्हणाली, "तुम्हीसुद्धा." त्या बाईंना ते कळलं नाही. घरी येईपर्यंत अम्मी गालात हसत होती.

गिंडीला मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. खालच्या मजल्यावर लेथ मशिनं, वरच्या मजल्यावर आम्ही. बायकांचा संडास एकच, तोही खाली, मशिनशॉपच्या दाराला लागून. तिथवर जायचं म्हणजे वीसेक पुरुषांसमोरून, कशासाठी चाललो आहोत हे जाहीर करत जायचं. मी सकाळी घरी उरकून निघायचे, त्यानंतर थेट संध्याकाळी घरीच. आणि दिवसभर बसून लिहायचे की शीतकाची पातळी किमान खुणेच्या खाली कधीही जाऊ देऊ नये, अन्यथा यंत्रास कायमची इजा संभवते.

तो टँकरचा उन्हाळा होता. आदल्या वर्षीचा पाऊस हुकला होता, नळ सुकले होते, आणि वसाहतीच्या फाटकाशी रंगीत प्लास्टिकच्या कुडमांची, म्हणजे तिथल्या घागरींची, रांग लागायची. अम्मी दोन कुडम पाणी आणायची आणि एकावर झाकण घालून ते वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, बाजूला ठेवायची. प्यायचं पाणी दुसऱ्या कुडमात. ते लवकर संपत नाही याचं मला कधी नवल वाटलं नाही.

अम्मी सोमवारी आणि गुरुवारी रोजे ठेवायची. रमजानचे नव्हेत, ते तर सगळेच ठेवतात. हे वरचे, ऐच्छिक, पुण्याचे. चेन्नईच्या मे महिन्यातही. वसाहतीतल्या आमच्या आठ-दहा घरांमध्ये त्यामुळे तिला मोठा मान होता. कुणाच्या घरी बाळ आजारी पडलं की त्याच्यावर दुआ फुंकायला अम्मीला बोलवायचे. मला हा मान बघवायचा नाही. धर्माचा देखावा मला शिसारी आणायचा आणि आपल्याच घरात तो चाललेला पाहून जास्तच. "अम्मी, तिकडे हजेरीपटावर तुझ्या नावापुढे एकही खाडा नसेल," मी म्हणायचे. "साहेब बढती कधी देणार आहेत?" ती पोळी उलटत म्हणायची, "तू नको काळजी करू. तुझा खाडा मी भरून काढतेय."

अशात कारखान्याच्या महिला कल्याण समितीने चाळिशीपुढच्या बायकांसाठी आरोग्य शिबिर जाहीर केलं. मोठ्या साहेबांच्या पत्नी समितीच्या अध्यक्ष होत्या. प्रत्येक क्वार्टरमधून एक बाई आलीच पाहिजे असा निरोप होता, आणि फोरमनच्या बायकोला असा निरोप म्हणजे हुकूमच. आदल्या दिवशी एक आया घरोघर छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या वाटून गेली. सकाळची पहिली लघवी भरून आणायची. बाटलीवर क्वार्टरचा नंबर चिकटवलेला.

सकाळी अम्मी बाथरूमच्या दाराशी ती बाटली घेऊन उभी.

"तू दे."

"मी? तपासणी तुझी आहे."

"मूत ते मूत. कुणाचं का असेना."

"अम्मी, तसं नसतं ते."

"तिथे टेबलावर पोरगा बसणार बाटल्या गोळा करायला. त्याच्या हातात मी माझी नेऊन देऊ?"

"मग माझी दिलेली चालेल?"

"माझी नाही हे मला ठाऊक असेल ना! मग मान वर करून देईन."

हे तर्कशास्त्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मला बसची घाई होती आणि शिबिर हा नुसता तमाशा आहे याची खात्री होती, म्हणून मी बाटली भरून दिली. दुसरंही एक कारण होतं. महिनाभर मला लघवीला आग होत होती, आणि त्या सकाळी बाटलीभर निघतंय का याचीच मला शंका होती. थेंबथेंब भरली. अम्मीने ती जुन्या रुमालात गुंडाळली आणि गेली.

शिबिराचं वर्णन मला तिच्याकडूनच कळलं. साहेबांच्या पत्नी तासभर उशिरा आल्या, त्यांना शाल घातली, त्या निरोगी स्त्री आणि निरोगी कुटुंब यांवर बोलल्या. व्यासपीठावर त्यांच्यापुढे सीलबंद पाण्याची बाटली होती. खाली बायकांना नारिंगी सरबत दिलं. हॉलच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन वॉचमन चहाला गेला होता. "सरबत कुणीच प्यायलं नाही," अम्मी म्हणाली. "सगळ्या हुशार."

पुढच्या शनिवारी निकाल. मला सुट्टी होती आणि अम्मीचं तमिळ भाजीबाजारापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून मी बरोबर गेले. हॉलमध्ये माइकवरून क्वार्टर नंबर पुकारत होते. निकाल चांगला असेल त्यांनी उजवीकडे जाऊन केळं घ्यायचं, ज्यांच्यात दोष निघाला त्यांनी डावीकडे डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायचं. कारखान्यात सुटे भाग तपासून नापास माल जसा वेगळा काढतात तसंच ते होतं. समितीला दुसरी पद्धत ठाऊक नसावी. आमचा नंबर पुकारला आणि अम्मीला डावीकडे पाठवलं. ती पदर सावरून गेली. शेजारच्या क्वार्टरमधली बाई केळं सोलत आमच्याकडे बघत होती.

मला एकदम कळलं की अम्मी माझ्या जागी उभी आहे. तिच्याही ते लक्षात आलं होतं. रांगेत ती माझ्या कानाशी म्हणाली, "काय करून ठेवलंयस गं?" जणू बाटलीत मी मुद्दाम काही मिसळलं होतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, दमलेल्या होत्या. पडदा नव्हता, रांग मागे हातभर अंतरावर. त्या मला इंग्रजीत विचारत, मी अम्मीला मराठीत. लघवीत पू सापडलाय, त्यांनी सांगितलं. आग होते का विचारा.

"अम्मी, आग होते का विचारतायत."

"होते म्हण. महिना झाला."

मी तिच्याकडे बघत राहिले. "सांग की," ती म्हणाली. "नळाला पाणी नाही तरी बाथरूममध्ये कुडम ओतत बसते, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. ओठ चावून बाहेर येते. संध्याकाळी अंग कोमट असतं. सगळं सांग."

मी सांगितलं. माझीच लक्षणं, माझ्याच तोंडाने, तिच्या नावावर. मान खाली घालून एकेका वाक्याचं इंग्रजी करत गेले. तिने हे सगळं बघितलं होतं आणि महिनाभर एक शब्द बोलली नव्हती. मीही बोलले नव्हते. आमच्या घरात नाभीच्या खाली काही नव्हतंच.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पुढचा प्रश्न विचारला. खोकताना, शिंकताना, वाकताना कपड्यात होतं का?

मला तसलं काही होत नव्हतं. उत्तर मला माहीत होतं, तरी रिवाज म्हणून मी मराठीत विचारलं. अम्मी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "होतं."

"अम्मी, मला नाही होत."

"तुझं कोण सांगतंय?"

मागची रांग, पंख्याची घरघर, माइकवर कुणाचातरी नंबर. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी भाषांतर करायचं विसरले होते.

"कधीपासून?" मी विचारलं. हे मात्र त्यांनी विचारलेलं नव्हतं.

"तू झालीस तेव्हापासून. नमाजात सजद्याला वाकलं की येतं. वजू राहत नाही. पाणीच नाही प्यायलं तर राहतो." मग सहज, कोथिंबिरीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "रोजा असला की बरं पडतं. कुणी पी म्हणत नाही."

सोमवार आणि गुरुवार. हजेरीपट. बढती. माझे सगळे विनोद एकेक करून माझ्यापुढे येऊन उभे राहिले, आणि एकालाही हसू येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी फाडून अम्मीपुढे धरली. आता खरं तर मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं आणि इंग्रजी माझं चांगलं होतं. पण मागे रांग होती, त्यात मला लहानपणापासून ओळखणाऱ्या बायका होत्या, मी बिनलग्नाची होते, आणि चिठ्ठी काय, अम्मीच्या नावावर घेऊन गोळ्या मी घरी गुपचूप खाल्ल्या असत्या, असा हिशेब मी तेवढ्यात करून टाकला होता. अम्मीचं काय, हे त्या हिशेबात नव्हतं.

अम्मीने चिठ्ठी घेतली नाही. तिने माझा दंड धरून मला पुढे ओढलं आणि आपल्या बाजारातल्या तमिळमध्ये, बाजारातल्याच आवाजात सांगितलं, "इदु एन पोण्णोडदु!" हे माझ्या मुलीचं आहे. त्यांना कळलं नसेल असं वाटून बाटलीच्या आकाराचा हात केला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा एकदा म्हणाली.

रांगेत कुणीतरी "अय्यय्यो" म्हटलं. केळं सोलणारी थांबली. माझे कान तापले. त्या क्षणी मला अम्मीची इतकी लाज वाटली की तिचा हात मी झटकला. बावीस वर्षं स्वतःचं लपवून ठेवलेली ही बाई माझं अर्ध्या मिनिटात चव्हाट्यावर मांडते, एवढंच मला दिसत होतं. ते ती का मांडते आहे हे दिसायला बराच वेळ लागला. तो झटकलेला हात मला अजून आठवतो. तिने तो मागे घेऊन पदराला पुसला, जणू तिच्याच हाताला काही लागलं होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रांगेला मागे सरकवलं, मला माझं औषध लिहून दिलं, आणि अम्मीला सोमवारी त्यांच्या दवाखान्यात बोलावलं. सोमवारी अम्मीने रोजा मोडला नाही, पण स्वतःची बाटली स्वतः भरली आणि माझ्या हातात दिली. "तू दे त्यांना," म्हणाली. एवढी प्रगती. तिथे कळलं की मूत्रपिंडात खडे आहेत, एका बाजूला सूजही आहे, आणि असंच कोरडं ठेवलं तर ते फार वर्षं साथ देणार नाही. कपड्यात होतं त्यावर एक व्यायाम सांगितला. मी भाषांतर केलं, "लघवी अडवल्यासारखं करायचं आणि सोडायचं."

"अडवायचंच ना?" अम्मी म्हणाली. "ते तर आयुष्यभर केलंय. सोडायचं काय ते शिकवायला सांग."

व्यायाम तिने केला. पाणी मात्र प्यायली नाही. माझ्या गोळीबरोबर पूर्ण ग्लास माझ्या घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची, आणि तिचा ग्लास इशाची, म्हणजे रात्रीची शेवटची नमाज होईपर्यंत पालथा. मी भांडले, आलेख काढून दाखवले, मूत्रपिंड म्हणजे काय ते कारखान्यातल्या गाळणीचं उदाहरण देऊन समजावलं. ती सगळं ऐकून घ्यायची.

"तुला नमाज नाही, तू पी. मला पाच वेळा उभं राहायचंय."

"आणि मूत्रपिंड गेलं तर?"

"नापाक कपड्यात उभी राहू का त्याच्यापुढे?"

मी वाचलेली पुस्तकं या प्रश्नापर्यंत आलेलीच नव्हती. "विचार की कुणाला," मी म्हटलं. "कुणाला?" ती म्हणाली. अब्बांना? मशिदीतल्या इमामसाहेबांना? तिने ज्या आवाजात ते विचारलं त्यावरून दिसत होतं की ती मरणं पसंत करेल, आणि ही म्हणण्यापुरती गोष्ट नव्हती.

पेरांबूरला एका शादीमहालात रविवारी दुपारी बायकांचा इज्तिमा, म्हणजे धार्मिक सभा, व्हायची. अम्मी कधीमधी जायची. मी एकदाच गेले होते आणि परत न जायचं ठरवलं होतं. तिथे एक आपा बोलायच्या. बायका पन्नाससुद्धा नसायच्या, पण आपांना माइक लागायचा, आणि कर्णा असा की मक्केपर्यंत ऐकू जावं. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबून स्वतःचा आवाज परत येतो का ते ऐकत असत. पुढच्या रविवारी मात्र मी अम्मीला म्हटलं, मी येते. ती संशयाने बघत राहिली. "हसायला येणार असशील तर नको येऊ."

प्रवचन संपलं. कुणाला काही मसला, धर्माची काही शंका विचारायची असेल तर विचारा, आपा म्हणाल्या. मी उभी राहिले. अम्मीने माझा कुर्ता खाली ओढला. काय विचारणार हे तिला कळलं असावं.

"मला," मी म्हटलं, "वाकलं की लघवीचे थेंब जातात. थांबत नाहीत. वजू टिकत नाही. नमाजचं काय करू?"

माझ्या उर्दूला त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"लग्न झालंय?" माइकवरून.

"नाही."

"मग?"

"तरी होतं."

पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी होते आणि खाली बघत होते. अम्मी चटईच्या काड्या मोजत असल्यासारखी बसली होती. डॉक्टरांच्या टेबलाशी तिने जे केलं ते मी इथे करते आहे, असं काही भव्य मला तेव्हा वाटलं नाही. एवढंच वाटलं की हे माझं नाही हे मला ठाऊक आहे, तर मान वर करता यायला हवी. आणि ती होत नव्हती. अम्मीचं तर्कशास्त्र चुकीचं होतं. दुसऱ्याची बाटली नेतानाही लाज तेवढीच वाटते.

आपांनी माइक बाजूला ठेवला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि साध्या, थोड्या घोगऱ्या आवाजात सांगितलं. हा त्रास आपल्या हातातला नसेल तर माफी आहे. प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वजू करायचा, कापड बदलायचं, आणि उभं राहायचं. मग मध्ये गेलं तरी त्या वक्ताची नमाज होते. "हे जुनंच आहे," त्या म्हणाल्या. "कुणी विचारत नाही." आणि मी वळल्यावर मागून म्हणाल्या, "पाणी सोडलं नाहीस ना? ते सोडू नकोस."

मी परत अम्मीजवळ येऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "एवढ्या मोठ्याने कशाला विचारलंस? आता तिथे तुझं स्थळ कोण सुचवणार?"

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?"

"बहिरी नाही मी."

बस सिग्नलला थांबली. उन्हाने सीट तापली होती, कंडक्टर घामाने निथळत होता. अम्मीने हात पुढे केला. "बाटली दे."

"धुवायची आहे ती."

"पाणीच आहे ना?"

ती बिस्मिल्ला म्हणाली आणि प्यायली. दिवसाउजेडी, भर बसमध्ये, डोकं मागे टाकून, गळ्याची शीर हलताना दिसेपर्यंत. मध्ये थांबली, श्वास घेतला, पुन्हा प्यायली. हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपलं. घर अजून बरंच लांब होतं, आणि ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिने डोळे मिटले. पोटात काय होतंय ते ऐकत असावी.

मग उरलेली बाटली माझ्यापुढे धरली. "पी."

मी खिडकीबाहेर पाहिलं. किती स्टॉप राहिलेत, वाटेत कुठे उतरता येईल, तिथे कडी असेल का, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप फिरून गेलं. मी ओठ ओले होतील एवढं पाणी घेतलं आणि झाकण लावलं.

"एवढंच?" अम्मी म्हणाली.

"आलंच की," मी म्हटलं. "घरी जाऊन पिते."